पेशीतली ऊर्जा आणि रिसेप्टरची हालचाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, शिक्षक आणि प्रयोगशाळेत नुकतेच रुळू लागलेले लोक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रिसेप्टर तर पेशीपटलात रुतलेले असतात. मग ते हलतात म्हणजे काय?

रुतलेले असतात, पण जमिनीत खांब पुरावा तसे नाही. पेशीपटल म्हणजे लिपिडचा, म्हणजे स्निग्ध रेणूंचा, दुपदरी थर. शरीराच्या तापमानाला तो दाट तेलासारखा वाहता असतो. रिसेप्टर (पाठ्यपुस्तकातला 'ग्राही', म्हणजे बाहेरचा ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन) त्यात आरपार बसलेला असतो. त्यामुळे त्याला थराबाहेर निसटता येत नाही आणि उलटा होऊन तोंड आतल्या बाजूला करता येत नाही. आडवं सरकणं आणि जागच्या जागी गिरकी घेणं मात्र त्याला सहज जमतं. सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या 'फ्लुइड मोझेक' प्रतिमानाचा गाभा हाच आहे.

याखेरीज आणखी एक हालचाल असते. पेशीपटलाचा तुकडा रिसेप्टरसकट आत ओढला जातो, त्याची पुटिका (छोटी पिशवी) बनते आणि ती पेशीच्या आत कुठेतरी नेली जाते. बोलताना आपण या सगळ्याला सरसकट 'हालचाल' म्हणतो. पुढच्या निम्म्या शंका त्यातूनच निघतात, कारण प्रत्येक हालचालीचं ऊर्जेशी असलेलं नातं वेगळं आहे.

२. हलायला एटीपी (पेशीचं रासायनिक इंधन) लागतो की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

आडवं सरकायला लागत नाही. ठरावीक दिशेने जायला, एका जागी गोळा व्हायला, आत जायला आणि परत वर यायला लागतो.

पहिल्या वाक्याचा पुरावा १९७० चा आहे. फ्राय आणि एडिडिन यांनी विषाणूच्या मदतीने माणसाची पेशी आणि उंदराची पेशी एकमेकींत विलीन केली. दोन्हींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगाचे चमकणारे प्रतिपिंड लावले होते. सुरुवातीला अर्धी पेशी लाल आणि अर्धी हिरवी दिसायची. ३७ अंश सेल्सिअसला साधारण ४० मिनिटांत दोन्ही रंग पूर्ण मिसळून गेले. एटीपी तयार होणं रोखणारी रसायनं टाकली, तरी मिसळणं थांबलं नाही. तापमान १५ अंशांच्या खाली नेलं तेव्हा मात्र ते जवळजवळ थांबलं. तापमान आणि एटीपी यांचा हा गोंधळ प्रश्न ९ मध्ये सोडवला आहे.

३. ऊर्जा लागत नाही तर त्यांना ढकलतं कोण?

ऊर्जा लागत नाही असं म्हटलेलं नाही, एटीपी लागत नाही असं म्हटलं आहे. ढकलण्याचं काम उष्णता करते. आजूबाजूचे लिपिडचे आणि पाण्याचे रेणू सतत थडथडत असतात आणि रिसेप्टरला सगळीकडून धक्के देत असतात. गर्दीत उभ्या माणसाला कुणी मुद्दाम ढकलत नाही, तरी तो थोड्या वेळाने भलतीकडे सरकलेला असतो, तसंच हे.

हा धक्का किती मोठा? शरीराच्या तापमानाला एका रेणूच्या वाट्याला येणाऱ्या उष्ण ऊर्जेचं जे माप धरतात, त्याच्या साधारण वीसपट ऊर्जा पेशीतला एटीपीचा एक रेणू तुटताना मिळते. धक्के लहान असतात, पण अखंड चालू असतात आणि फुकट मिळतात. त्यांना दिशा मात्र नसते.

दिशा नसण्याची किंमत अंतराबरोबर भराभर वाढते. पेशीपटलातल्या प्रथिनाचा विसरण गुणांक (भटकत पसरण्याचं माप) सेकंदाला ०.१ चौरस मायक्रोमीटर धरू (प्रत्यक्षात काही प्रथिनं याहून बरीच मंद असतात, काही थोडी वेगवान). तर एक मायक्रोमीटर अंतर सुमारे अडीच सेकंदांत कापलं जातं. दहा मायक्रोमीटरला दहापट वेळ लागेल असं वाटतं, पण लागतो शंभरपट, म्हणजे चार मिनिटांहून थोडा जास्त. दूरच्या प्रवासाचं काय होतं ते प्रश्न ८ मध्ये पाहा.

४. मग पेशी एटीपी नेमका कुठे खर्च करते?

मुख्य जागा चार आहेत. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं असतं. ते सतत बांधण्यात, मोडण्यात आणि मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाने ताणण्यात एटीपी जातो. पुटिका बनवणं, सोलणं आणि पुन्हा जोडणं यांत जातो. त्या पुटिका रुळांवरून नेणाऱ्या किनेसिन आणि डायनीन या हमालांना तो लागतो.

चौथी जागा लोक विसरतात, ती म्हणजे खुणा करणं. किनेज एन्झाइम एटीपीमधला फॉस्फेट उचलून रिसेप्टरच्या शेपटीला चिकटवतात. बीटा-ॲड्रेनर्जिक रिसेप्टरला संदेश मिळाला की त्याच्या शेपटीवर असे फॉस्फेट लागतात, ते पाहून अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसतं आणि रिसेप्टरला आत नेण्याची तयारी सुरू होते. युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लावायची असेल, तर तिच्या पहिल्याच पायरीवर एटीपी लागतो. पेशीपटलातल्या काही विशिष्ट लिपिडांवर फॉस्फेट चढवायलाही तोच लागतो, आणि त्या लिपिडांशिवाय आत जाण्याचा खड्डाच नीट बनत नाही. खुणा करण्यात एकूण एटीपी थोडाच जातो. पण कुणाला कुठे पाठवायचं हे ठरतं याच टप्प्यावर, म्हणून मला हा खर्च सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

५. पॅचिंग आणि कॅपिंग यांत फरक काय? दोन्ही सारखंच वाटतं.

सारखं वाटतं खरं, पण या दोन शब्दांमधल्या फटीतच सगळा विषय दडलेला आहे. म्हणून इथे जरा थांबतो.

१९७१ मध्ये टेलर, डफस, राफ आणि डी पेट्रिस यांनी लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींवर प्रयोग केले. या पेशींच्या पृष्ठभागावर इम्युनोग्लोब्युलिन हे प्रथिन सर्वत्र विखुरलेलं असतं. त्याला चिकटणारे प्रतिपिंड टाकले. प्रतिपिंडाला दोन हात असतात. एका हाताने एक रेणू आणि दुसऱ्याने शेजारचा धरला की साखळी वाढत जाते आणि पृष्ठभागावर ठिकठिकाणी ठिपके दिसू लागतात. हे पॅचिंग. एकच हात असलेला प्रतिपिंडाचा तुकडा वापरला तर ठिपके पडत नाहीत, म्हणजे काम जोडणीचं आहे. पॅचिंग थंडीतही होतं आणि सोडियम अझाइड टाकून पेशीचं श्वसन बंद केलं तरी होतं. भटकता भटकता गाठ पडणं आणि चिकटून राहणं एवढंच त्यात आहे.

पेशी ३७ अंशांवर आणली आणि तिच्याकडे ऊर्जा असली, की पुढचा अंक सुरू होतो. सगळे ठिपके पेशीच्या एका टोकाकडे ओढले जातात आणि तिथे टोपीसारखे जमतात. हे कॅपिंग. अझाइड टाकलं की ही टोपी बनत नाही, ठिपके जिथल्या तिथे राहतात. मोठे गठ्ठे आतल्या ॲक्टिन-मायोसिनच्या जाळ्यात अडकतात आणि जाळं एका टोकाकडे आक्रसू लागलं की त्याच्याबरोबर ओढले जातात. सुटा रिसेप्टर जाळ्यातून निसटतो, गठ्ठा निसटत नाही.

ही नुसती काचेच्या तबकडीतली गंमत नाही. टी पेशी दुसऱ्या पेशीला भिडते तेव्हा तिच्या रिसेप्टरचे छोटे पुंजके संपर्काच्या कडेला बनतात आणि ॲक्टिनच्या प्रवाहाबरोबर मध्याकडे वाहत जातात. त्यांचा वेग ॲक्टिनपेक्षा कमी असतो. म्हणजे ते जाळ्याला घट्ट बांधलेले नसून घसरत घसरत ओढले जातात.

६. 'पिकेट फेन्स' म्हणजे काय? ऊर्जा मिळाली की हे कुंपण उघडतं का?

पेशीपटलाला आतून लगटून असलेलं तंतूंचं जाळं पृष्ठभागाची छोट्या छोट्या वाड्यांत विभागणी करतं. जाळ्याला बांधलेली प्रथिनं त्या कुंपणाचे खांब होतात. रिसेप्टर एका वाडीत मोकळेपणी फिरतो, मग अचानक उडी मारून शेजारच्या वाडीत जातो. अकिहिरो कुसुमी यांच्या गटाने सेकंदाला ४०,००० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने या उड्या दाखवल्या. वाड्यांचा आकार पेशीगणिक बदलतो, काही दहा ते काही शे नॅनोमीटर. साध्या कॅमेऱ्याने पाहिलं तर उड्या दिसत नाहीत, फक्त 'रिसेप्टर मंद आहे' एवढंच दिसतं.

कुंपण किती अडवतं याचा जुना पुरावा लाल रक्तपेशींतला आहे. तिथलं जाळं स्पेक्ट्रिनचं असतं. ज्या उंदरांत स्पेक्ट्रिन जवळजवळ नसतंच, त्यांच्या लाल पेशींत बँड ३ हे प्रथिन कित्येक पटींनी वेगाने सरकतं (शीट्झ, शिंडलर, कोपेल, १९८०).

ऊर्जेने कुंपण 'उघडतं' असं म्हणण्यापेक्षा ते सतत दुरुस्त होत असतं असं म्हणावं. तंतू मोडतात, नवे बनतात, त्या क्षणी फट पडते. ही मोडतोड आणि बांधणी एटीपीवर चालते. उडी मारण्यासाठी मात्र रिसेप्टर स्वतः काही खर्च करत नाही.

७. ज्या रिसेप्टरला आतली शेपटीच नाही, त्याला ॲक्टिन कसं पकडणार?

चांगला प्रश्न, आणि उत्तर बरीच वर्षं वादात होतं. जीपीआय या लिपिडाचा नांगर असलेली प्रथिनं पेशीपटलाच्या फक्त बाहेरच्या पदरात अडकलेली असतात, त्यांचा आतल्या ॲक्टिनशी थेट संबंध येत नाही. तरीही त्यांतली काही दोन-चारच्या अगदी छोट्या घोळक्यांत सापडतात. सत्यजित मेयर, मदन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे घोळके आपोआप होत नाहीत. मायोसिनच्या जोरावर ॲक्टिनचे छोटे तंतू ताऱ्यासारख्या आकारात एकवटतात आणि वरच्या रेणूंना एकत्र आणतात. बाहेरचा पदर आणि आतला पदर यांच्यातला दुवा म्हणजे लांब शेपट्यांचे लिपिड. ॲक्टिनची हालचाल थांबवली की घोळके विस्कटतात. नुसत्या उष्णतेने जी मांडणी टिकली नसती ती इथे खर्च करून टिकवली जाते.

८. रिसेप्टर आत घ्यायला किती एटीपी लागतात? आणि चेतापेशीत एवढ्या लांब कसं पोचवतात?

दोन प्रश्न आहेत, आधी पहिला. रिसेप्टरमागे ठरावीक दर नाही, कारण एका पुटिकेतून अनेक रिसेप्टर जातात. खर्चाची यादी मात्र करता येते. उदाहरण एलडीएल (रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे कण) पकडणाऱ्या रिसेप्टरचं घेऊ, ज्याच्या कामासाठी ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

हा रिसेप्टर भटकत भटकत क्लॅथ्रिन या प्रथिनाने मढवलेल्या खड्ड्यात पोचतो, इथपर्यंत फुकट. खड्ड्यात थांबण्यासाठी त्याच्या शेपटीवर एक छोटी खूण असते. एका रुग्णात त्या खुणेतल्या टायरोसिन या एका अमिनो आम्लाच्या जागी सिस्टीन आलं होतं. रिसेप्टर एलडीएल नीट पकडायचा, पृष्ठभागावर फिरायचाही, पण खड्ड्यात टिकायचाच नाही, म्हणून आत जायचा नाही. ऊर्जा भरपूर असूनही. म्हणजे ऊर्जा असणं पुरेसं नाही, पत्ताही लागतो.

पुढे खर्च सुरू. पुटिकेची मान कापणारं डायनॅमिन एटीपी नव्हे, त्याचाच भाऊबंद जीटीपी वापरतं. (पेशीत एटीपीचा फॉस्फेट देऊनच जीटीपी पुन्हा भरला जातो, त्यामुळे खिसा शेवटी एकच.) कापून झाल्यावर क्लॅथ्रिनचं कवच सोलायला एचएससी ७० हे प्रथिन एटीपी वापरतं. पेशीपटल जास्त ताणलेलं असेल तर खड्डा आत ढकलायला ॲक्टिनचीही मदत घ्यावी लागते, तो खर्च वेगळा. मग पुटिकेच्या पोटात प्रोटॉन भरणारा व्ही-एटीपेज पंप सामू सुमारे ६ पर्यंत खाली आणतो. त्या आम्लात रिसेप्टर एलडीएल सोडून देतो आणि परत पृष्ठभागावर येतो. ही फेरी सुमारे दहा मिनिटांची असते. साधारण वीस तासांच्या आयुष्यात तो अशा शंभराहून जास्त फेऱ्या मारतो, एलडीएल मिळो वा न मिळो.

आता चेतापेशी. प्रश्न ३ मधलंच गणित एक मीटर लांबीच्या अक्षतंतूला लावलं, तर नुसत्या भटकण्याने टोकाला पोचायला जवळपास ऐंशी हजार वर्षं लागतील. म्हणून पुटिका किनेसिनवर चढवतात. तो एका एटीपीमागे ८ नॅनोमीटरचं एक पाऊल टाकतो. या जलद वाहतुकीने दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर अंतर कापलं जातं, म्हणजे एक मीटरला अडीच ते पाच दिवस. गंमत अशी की शेवटचा टप्पा पुन्हा फुकटचाच असतो. ग्लुटामेटचे एएमपीए रिसेप्टर चेतासंधीच्या आसपास पृष्ठभागावर आले की आडवे सरकत संधीत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना अडकून थांबतात.

९. थंड केल्यावर हालचाल थांबली. म्हणजे ती ऊर्जेवर चालते हे सिद्ध झालं ना?

नाही. ही चूक प्रबंधांतही दिसते. ३७ वरून ४ अंशांवर आल्यावर उष्ण ऊर्जा फक्त दहा-अकरा टक्क्यांनी घटते. पण लिपिडचा थर बराच घट्ट होतो आणि एन्झाइमंही मंदावतात. म्हणजे थंडी दोन्ही गोष्टींवर एकदम घाव घालते, दोष कुणाचा ते कळत नाही. फ्राय-एडिडिनच्या प्रयोगात थंडीने थांबलेली गोष्ट एटीपी रोखून थांबली नव्हती, हे आठवा.

थंडीचा खरा उपयोग वेगळा आहे. ४ अंशांवर संदेशरेणू रिसेप्टरला चिकटतो, पण आत जात नाही. म्हणून आधी थंडीत चिकटवून घ्यायचं, जास्तीचं धुऊन टाकायचं, मग एकदम ३७ अंशांवर आणून घड्याळ सुरू करायचं. सगळे रिसेप्टर एकाच रेषेतून शर्यत सुरू करतात.

१०. मी सोडियम अझाइड टाकलं, तरी रिसेप्टर आत गेले. माझं काय चुकलं?

बहुधा माध्यमातल्या ग्लुकोजने घात केला. अझाइड तंतुकणिकेतल्या श्वसनसाखळीचं शेवटचं एन्झाइम अडवतं. पण वाढवलेल्या बऱ्याच पेशी ग्लायकोलिसिसवर (ऑक्सिजनविना ग्लुकोज तोडून) आरामात एटीपी बनवतात. त्यांना श्वसन बंद झाल्याचं फारसं जाणवतही नाही. ग्लुकोज काढून टाका आणि सोबत २-डीऑक्सिग्लुकोज द्या. पेशी त्यालाही फॉस्फेट लावते, त्यात उरलासुरला एटीपी खर्च होतो आणि पुढे काहीच मिळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पेशी आधीपासून ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोजवर वाढवणं, मग त्या श्वसनावर जास्त अवलंबून राहतात.

आणि एटीपी खरंच खाली गेला का ते मोजा. काजव्याच्या ल्युसिफरेजने ही चाचणी काही मिनिटांत होते. ती न करता 'ऊर्जा नसतानाही हालचाल झाली' असं लिहू नका.

११. नुसतं पाहून हालचाल भटकंतीची आहे की ओढलेली, हे ओळखता येतं का?

बऱ्याच वेळा येतं. एकेका रिसेप्टरचा मार्ग टिपायचा आणि कापलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी काळाच्या समोर मांडायची. सरळ रेषा आली तर भटकंती, वरच्या बाजूला वळत गेली तर ओढलं जात आहे, खाली वाकून सपाट झाली तर कोंडलेला आहे. फ्रॅप पद्धतीत (लेसरने एक ठिपका विझवून तो पुन्हा उजळताना पाहणं) सरासरी वेग मिळतो. पण परत न उजळलेला भाग 'ऊर्जेअभावी थांबला' असा वाचू नये, तो बहुतेक वेळा कुठेतरी बांधलेला असतो.

१२. एटीपी संपला की रिसेप्टर मोकळे सुटतात की आणखी घट्ट होतात?

दोन्ही होऊ शकतं, पेशी आणि बांधणी पाहून सांगावं लागतं. मायोसिनला ॲक्टिनवरून सुटायला एटीपी लागतो. तो नसला की ते तिथेच आखडून राहतं, मृत्यूनंतर स्नायू ताठरतात ते यामुळेच. असं जाळं आखडलं तर त्यात अडकलेले गठ्ठे जागीच थिजतात.

उलट उदाहरण मूत्रपिंडाचं. तिथल्या नलिकेच्या पेशींत सोडियम-पोटॅशियम पंप (हा रिसेप्टर नाही, पण नियम तोच) एकाच बाजूला नांगरलेला असतो. रक्तपुरवठा तुटून एटीपी घसरला की नांगर सुटतो, आणि पंप भलत्या बाजूच्या पटलात जाऊन पोचतो. तिथवर तो पोचतो तो फुकटच्या भटकंतीने. एटीपी खर्च होत होता तो त्याला जागेवर ठेवणारी बांधणी राखण्यात.

१३. ऊर्जा कमी झाल्यावर काही प्रथिनं उलट पृष्ठभागावर जास्त येतात असं ऐकलं. हे विसंगत नाही का?

नाही, कारण 'कमी' आणि 'संपली' यांत अंतर आहे. स्नायूत एटीपी थोडा जरी घटला तरी एएमपीचं (एटीपीचे दोन फॉस्फेट गेल्यावर उरणाऱ्या रेणूचं) प्रमाण त्या मानाने खूप वाढतं आणि एएमपीके हे एन्झाइम जागं होतं. ते ग्लुकोज वाहून आणणारं ग्लूट ४ पृष्ठभागाकडे पाठवायला मदत करतं. इन्सुलिनविना, नुसत्या व्यायामानेही ग्लूट ४ वर येतं, त्यामागच्या वाटांपैकी ही एक. या प्रवासाला लागणारा एटीपी त्या वेळी शिल्लक असतोच.

१४. एटीपीचेही रिसेप्टर असतात ना? मग एटीपी टाकून पाहिला तर हालचाल वाढेल?

इथे दोन वेगळे एटीपी एकमेकांत मिसळू देऊ नका. वर सगळीकडे बोललो तो पेशीच्या आतला, इंधन म्हणून वापरला जाणारा. बाहेरचा एटीपी हा संदेश असतो. पी २ एक्स आणि पी २ वाय कुटुंबातले रिसेप्टर तो ओळखतात, आणि फुटलेल्या पेशीतून तो सहज बाहेर सांडतो. तबकडीत एटीपी ओतलात तर तो पटलातून आत जाणार नाही, त्याच्यावर बराच विद्युत्भार असतो. पण रिसेप्टर चेतवेल, कॅल्शियम वाढवेल, ॲक्टिनही हलवेल, आणि तुम्हाला वाटेल इंधन मिळालं. खात्री करायची तर बाहेरचा एटीपी तोडणारं अपायरेज टाकून तोच प्रयोग पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर तो संदेशाचा होता.